जंगलातली हॅलोवीनची वाट: उभारायचं किती, मोकळं सोडायचं किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मध्य मॅसॅच्युसेट्समधलं लहान गाव, गावाच्या मालकीची सहा-सात एकर झाडी. तुम्ही आठ जण: दोन चित्रकार, एक कुंभारकाम करणारी, एक सुतार, बाकीचे नाटकवेडे. पुढच्या हॅलोवीनला गावासाठी दोन रात्री भुताटकीची वाट करायची आहे, हाताशी तीन हजार डॉलर आहेत. गराजमध्ये असं काम केलंय, जंगलात कधी नाही. सुरुवात कुठून करावी, आणि आपली मराठी भुतं त्यात बसतील का?

मी याच राज्यात २०१० पासून दर ऑक्टोबरला अशी वाट उभी करतो. त्याआधी सांगलीत गणपती मंडळाच्या हलत्या देखाव्यांवर माझा हात तयार झाला. पहिल्या वर्षी तोच हात घेऊन मी जंगलात गेलो आणि तीनशे मीटरच्या वाटेवर सोळा देखावे ठोकून दिले. प्रत्येक वळणावर सापळा, प्रत्येक झाडामागे माणूस. लोक बाहेर येऊन म्हणाले, "सजावट फार छान केलीत." घाबरलं कोणीच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी २९ ऑक्टोबर २०११ ला, शनिवारी, अवेळी बर्फ पडला. झाडांवर अजून पानं होती, त्यामुळे ओल्या बर्फाचा भार फांद्यांना पेलवला नाही. आमचे निम्म्याहून जास्त देखावे फांद्यांखाली गेले, कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती, आणि अनेक गावांनी हॅलोवीनच पुढे ढकललं. पुढच्या शनिवारी, वाचलेल्या सात देखाव्यांवर आम्ही वाट उघडली. दोन देखाव्यांमध्ये लांबच लांब काळोख. त्या रात्री माणसं एकमेकांचे हात घट्ट धरून बाहेर आली. एक बाई मला म्हणाल्या की सर्वांत भीतीदायक जागा ओढ्याजवळची होती. ओढ्याजवळ आमचं काहीच नव्हतं.

दोन देखाव्यांमधला अंधार हाच तुमचा मुख्य देखावा आहे, आणि पुढचं सगळं त्याला धरून सांगतो.

कागदावर आराखडा काढायच्या आधी रात्री तिथे जा. किमान तीन रात्री, दोघं-तिघं मिळून, टॉर्च खिशात ठेवून. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, तोवर एका जागी बसून राहायचं. उजेड लागलाच तर लाल, त्याने सरावलेली नजर फारशी बिघडत नाही. ऑक्टोबरअखेर आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि साडेसहाला झाडीत मिट्ट काळोख असतो, तेव्हा त्याच वेळी जा. आकाशाचा फिकट तुकडा कुठे दिसतो, पाण्याचा आवाज कुठे सुरू होतो, कोणत्या वळणावर आपोआप पाय अडतात, हे सुतळीची गाठ बांधून खुणा करत जा. तुमच्याकडे बीच जातीची झाडं नक्की असतील. कोवळा बीच हिवाळाभर पानं टाकत नाही. ती वाळून पांढुरक्या कागदासारखी होतात आणि जराशा झुळकीनेही थरथरतात. बाकीचं रान उघडंबोडकं असताना कमरेएवढ्या उंचीवर काहीतरी फिकट हलताना दिसतं. अशा जागी चुकूनही पुतळा उभा करू नका.

आता हिशोब. वाट गोलाकार ठेवा, साधारण साडेचारशे मीटर, म्हणजे आत जाणारे आणि बाहेर येणारे समोरासमोर येणार नाहीत. अंधारात माणूस दबकत चालतो, सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर, त्यामुळे एवढ्या वाटेला पंधरा मिनिटं लागतात. सात देखावे धरले तर दोघांमध्ये साठेक मीटर, म्हणजे दोन मिनिटांचा काळोख मिळतो. घोळका सहा जणांचा ठेवा आणि दर तीन मिनिटांनी एक सोडा. तासाला वीस घोळके, १२० माणसं, तीन तासांत ३६०. लहान गावाला दोन रात्री हे पुष्कळ झालं. तीन मिनिटांचा नियम मोडायचा नाही, बाहेर कितीही रांग लागली तरी. घोळके एकमेकांना चिकटले की पुढच्यांच्या किंकाळ्या मागच्यांना ऐकू येतात आणि त्यांना पुढे काय आहे ते आधीच कळतं. प्रत्येक देखावा चाळीस-पन्नास सेकंदांत संपून पुन्हा जागेवर लागला पाहिजे. ज्याला परत मांडायला पाच मिनिटं लागतात तो देखावा कितीही सुंदर असला तरी जंगलात चालत नाही.

उजेड कमी, आणखी कमी. माझ्या पेटीत हल्ली बारा व्होल्टचे छोटे एलईडी दिवे असतात, तेही रंगीत जिलेटिन लावून मंद केलेले. चांदण्यासाठी निळा, आगीसाठी पिवळसर, याखेरीज तिसरा रंग मी वापरत नाही. हिरवा आणि जांभळा आला की जत्रेतलं दुकान होतं. दिवा बुंध्याआड, बाजूने, म्हणजे चालणाऱ्याला दिव्याचं तोंड दिसता कामा नये. एक लखलखीत दिवा डोळ्यांत गेला की पुढचे साठ मीटर त्या माणसाला नुसतं काळं दिसतं, आणि तो घाबरण्याऐवजी ठेचकाळतो. भराभर उघडझाप करणारे दिवे पूर्ण वर्ज्य. अपस्माराच्या रुग्णांना त्यांचा धोका असतो.

आवाजाबद्दल मात्र थांबून सांगतो, कारण न्यू इंग्लंडच्या जंगलाने तुम्हाला यात फुकट देणगी दिली आहे. पाचोळा. ऑक्टोबरअखेर पायाखाली वीतभर सुका पाचोळा असतो. मुख्य वाट झाडून लख्ख करा, ओली पानं घसरतात म्हणूनही आणि लोकांना स्वतःची पावलं ऐकू येऊ नयेत म्हणूनही. झाडलेला सगळा पाचोळा वाटेला समांतर, दहा-बारा मीटर आत, दुसऱ्या पट्ट्यात पसरा. तिथे एक माणूस ठेवा. त्याला मुखवटा नाही, रंग नाही, काळे कपडे पुरेत. घोळका चालायला लागला की त्याने चालायचं, घोळका थांबला की एक पाऊल जास्त टाकून थांबायचं. हे एक जास्तीचं पाऊल जीव की प्राण आहे. त्याशिवाय लोकांना तो आपलाच आवाज वाटतो. ते पाऊल पडलं की घोळक्यातलं बोलणं थांबतं. कोणीतरी विचारतं, "तू ऐकलंस?" मग सगळे कानोसा घेत उभे राहतात, आणि आपला माणूसही उभा असतो, काहीच करत नाही. पुन्हा चालू लागले की पुन्हा चाहूल. तो कधीच बाहेर येत नाही. माझ्या वाटेवर हे काम नववीतल्या एका मुलीने सलग चार वर्षं केलं. नाटकात तिला संवाद बोलायचा संकोच वाटायचा, पण थांबायचं कधी हे तिला नेमकं कळायचं. पाऊस पडून पाचोळा भिजला तर हा देखावा फसतो, म्हणून चार गोणी पानं आधीच भरून कोरड्या जागी ठेवा.

गोष्ट कोणती सांगायची? दुकानातला वेडा डॉक्टर आणि करवतवाला माणूस आणू नका. तुमच्या झाडीत दगडी गडगे असतील, कोकणातल्यासारखेच, चुन्याशिवाय रचलेले. घनदाट रानात गडगा कशाला? कारण ते रान नव्हतंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथली निम्म्याहून जास्त जमीन शेती आणि कुरणांसाठी मोकळी केलेली होती, मग शेतकरी पश्चिमेला किंवा गिरण्यांकडे गेले आणि झाडं परत आली. नीट शोधलंत तर एखाद्या घराच्या तळघराचा दगडी खड्डाही सापडेल. म्हणजे लोक ज्या वाटेवर चालणार आहेत ती कोणाच्या तरी शेतातून, अंगणातून जाते. याहून मोठी भुताटकी तुम्ही कशाने रंगवणार?

माझी सूचना १८१६ सालाची. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या गंधकी धुक्याने पुढच्या वर्षीचा उन्हाळा हिरावून घेतला. न्यू इंग्लंडमध्ये जूनमध्ये बर्फ पडला, जुलै-ऑगस्टमध्येही हिमकण पडून मका करपला. कारण कोणालाच माहीत नव्हतं. एका कुटुंबाने त्या उन्हाळ्यात काय काय पाहिलं असेल, एवढ्यावर सात देखावे उभे राहतात: उभ्या पिकातच काळा पडलेला मका, जूनमधला बर्फ पाहत दारात उभी बाई, सामान भरलेली आणि तशीच सोडलेली गाडी. तुमच्या चित्रकारांना इथे खरं काम आहे.

काय घेऊ नये तेही सांगतो. सेलममध्ये १६९२ साली १९ जणांना चेटकाच्या आरोपावरून फाशी दिलं गेलं. ती निरपराध माणसं होती, त्यांना नाकाड्या चेटकिणी करून उभं करू नका. क्वाबिन जलाशयासाठी १९३८ मध्ये डाना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं मोडली गेली, साडेसात हजारांवर थडगी हलवली गेली. त्या गावांतून विस्थापित झालेल्यांची नातवंडं आजूबाजूच्या गावांतच राहतात आणि तुमच्या वाटेवर येतील. मूळ रहिवाशांच्या दफनभूमीचा शाप हा तर विचारच मनातून काढून टाका. ती या जमिनीवरची जिवंत माणसं आहेत.

आता मराठी भुतांचं. मुंजाला पिंपळ लागतो, तो इथे नाही. हडळ, खवीस घातले तर समोरच्याला ते आणखी एक मुखवटा वाटतील आणि वाटेवर उभं राहून समजावून सांगायची वेळ येईल. पण आपल्याकडचा चकवा मात्र कुठल्याही रानात चालतो, कारण त्याला रूपच नाही. माणूस चालत राहतो आणि पुन्हा त्याच जागी येतो, एवढंच त्याचं काम. आम्ही तो असा केला. तिसऱ्या देखाव्यात मोडक्या फाटकाजवळ एक लाकडी खुर्ची, खुर्चीवर दुमडलेली शाल, शेजारी जमिनीवर कंदील. माणूस कोणी नाही. लोक बघतात आणि पुढे जातात. सहाव्या देखाव्यात, दोनशे मीटर पुढे, तंतोतंत तसंच फाटक, तीच खुर्ची, तीच शाल, कंदील त्याच बाजूला. फक्त खुर्ची वळलेली आहे, आता ती येणाऱ्यांकडे तोंड करून आहे. बस. कोणी ओरडत नाही, काही उडी मारत नाही. पण घोळका जागेवर थिजतो, कारण वाट गोल आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि आपण चुकून परत आलो का हे कोणालाच सांगता येत नाही. माझ्या आजवरच्या कामात लोक याचंच नाव सर्वांत जास्त काढतात. दोन्ही खुर्च्या तुमच्या सुतारानेच एकत्र बनवाव्यात आणि दोन्ही फाटकं एकाच वेळी, एकाच रंगाच्या डब्यातून रंगवावीत. मोडलेली फळीसुद्धा तशीच हवी. जिथे खुर्च्या ठेवाल तिथली झाडंही सारखी शोधा, दोन बाजूंना दोन बुंधे एवढं जुळलं तरी भागतं.

उडी मारून दचकवणारी पात्रं दोन ठेवा, तीन फार झाली. ती नेहमी मागून किंवा बाजूने यावीत. समोरून आलेल्या माणसाला लोक बिचकून उलटे पळतात आणि मागच्या घोळक्यावर आदळतात. कोणाला हात लावायचा नाही आणि कोणाची वाट अडवायची नाही. लहान मुलांसाठी आम्ही गळ्यात चमकती माळ देतो. ती दिसली की पात्रं गप्प उभी राहतात. शिवाय दुपारी चार ते साडेपाच उजेडातला फेरा ठेवा, पात्रांशिवाय. आजी-आजोबा आणि चिल्लीपिल्ली त्यालाच येतात आणि तुमच्या कलाकारांचं काम खरं तर त्याच वेळी नीट पाहिलं जातं.

साहित्याचं झटपट सांगतो. पाऊस येणार हे धरूनच चाला. कागदाचा लगदा नको. मानवी आकृत्यांसाठी तारेची जाळी उत्तम, मंद निळ्या उजेडात ती धुक्यासारखी दिसते आणि भिजत नाही. प्लास्टिकच्या सापळ्यावर रंगाऱ्यांचं पातळ प्लास्टिक गुंडाळून हीट गनने आक्रसवा आणि वर लाकडाचा स्टेन फासा, वाळलेल्या कातडीसारखं होतं. हे मोकळ्या हवेत, मास्क लावून करा. कपड्यांच्या घड्यांसाठी ड्रायवॉलचे सांधे भरायची लांबी (पुट्टी) पाच भाग आणि लॅटेक्स रंग एक भाग कालवून त्यात गोणपाट बुडवतात, पण ते पावसात विरघळतं, वरून बाहेर टिकणाऱ्या वॉर्निशचे दोन हात हवेतच. धूर सोडणारं यंत्र घ्यायची घाई नको. झाडीत जरासा वारा असला की धूर भलतीकडे जातो. ताणून लावतात ती पांढरी नकली जाळी अजिबात नको, तिच्यात घुबडं, वटवाघळं आणि लहान पक्षी अडकतात. झाडांना खिळा नको, रुंद पट्ट्यांनी बांधा.

परवानग्या जूनपासून सुरू करा. अग्निशमन प्रमुखांना पहिल्यांदा भेटा आणि आराखडा घेऊन भेटा. ११ मे १९८४ ला न्यू जर्सीतल्या जॅक्सन इथल्या करमणूक उद्यानात भुताच्या किल्ल्याला आग लागली, भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि आत अडकलेली आठ किशोरवयीन मुलं गेली. अशा जागांचे नियम त्यानंतर कडक झाले ते त्या मुलांमुळे. त्यामुळे वाटेवर उघडी ज्योत कुठेही नको, कंदिलातही एलईडीच. छप्पर असलेली, लोक आत शिरतील अशी खोली बांधू नका, ती इमारत म्हणून मोजली जाऊ शकते. गोणपाट अग्निरोधक घ्या, जनरेटर पाचोळा काढलेल्या उघड्या मातीवर ठेवा. दर शंभर मीटरला बाहेर पडायची आडवाट ठेवा. ती नटांना अंधारातही सापडली पाहिजे. प्रत्येकाकडे शिट्टी आणि टॉर्च, दोघा-तिघांकडे वॉकीटॉकी.

गावाच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनकडेही जावं लागेल. पाणथळ जागेपासून शंभर फुटांच्या आणि बारमाही ओढ्यापासून दोनशे फुटांच्या पट्ट्यातलं काम त्यांच्या अखत्यारीत येतं. तिथे वाट नेऊच नका, पाण्याचा आवाज लांबूनच चांगला लागतो. विमा गावाच्या नावावर मिळतो का ते त्याच फेरीत विचारा.

झाडांची पाहणी जाणकाराकडून करून घ्या, यात पैसे वाचवू नका. २०१२ पासून या राज्यात ॲश झाडांना पोखरणारा भुंगेरा आला आहे. वाळलेला ॲश वारा नसतानाही मोडतो. ज्या वाळक्या झाडाचं खोड तुम्हाला देखाव्यासाठी सर्वांत आवडेल, नेमकं त्याच्याखाली कोणाला उभं करू नका. हरणांवरच्या गोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोरात असतात आणि लाइम आजार त्यांच्यामुळेच होतो. नटांच्या कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक मारा, घरी गेल्यावर अंग तपासायला सांगा. पॉयझन आयव्हीची पानं गळली तरी केसाळ वेल बुंध्याला चिकटून राहते आणि तिनेही अंगावर फोड येतात. काम सुरू करायच्या आधी दिवसा सगळ्यांना ती ओळखून दाखवा. शिवाय २०२४ सारखं वर्ष आलं तर संध्याकाळचे कार्यक्रमच अडचणीत येतात. डासांपासून होणाऱ्या मेंदूज्वरामुळे त्या वर्षी ऑक्सफर्डसारख्या गावात, पहिली कडक थंडी पडेपर्यंत, संध्याकाळी लवकर घरात जायची सूचना होती. म्हणून राखीव तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारची धरा.

तीन हजार डॉलरमधले हजारेक झाडांची पाहणी, विमा आणि प्रथमोपचार करणाऱ्या माणसासाठी बाजूला काढा. पाचशे दिवे आणि वायरिंगला, सातशे-आठशे साहित्याला. उरलेले गरम सूप, कॉफी आणि हातमोज्यांसाठी. सहा-सात अंशांत तीन तास गडग्याआड बसलेल्या मुलाला तासाभराने बदली मिळालीच पाहिजे, म्हणून दर जागेला दीड माणूस धरा. सात देखावे, पाचोळ्यातला एक, दारावर दोघं, वाटेवर फिरते दोघं, अशा बारा जागांना दीडपटीने अठराएक लोक लागतील. आपल्या मंडळात वर्गणीला आणि मांडवाला एकच पोरं धावतात तसं करू नका, आठ जणांनी सगळं अंगावर घेतलं तर पहिल्याच वर्षी मोडून पडाल. शाळेच्या नाटक मंडळाला आणि स्वयंसेवी अग्निशमन दलाला सप्टेंबरातच बोलवा. पैसे उभे करायचे असतील तर कारण ठरवून तिकीट लावा. सत्तरच्या दशकात जेसीज या तरुणांच्या समाजसेवी संघटनेच्या शाखांनी देशभर अशीच भुतांची घरं करून निधी जमवला, आणि फिलाडेल्फियातल्या ईस्टर्न स्टेट तुरुंगाच्या जतनासाठी १९९१ पासून हाच मार्ग धरला गेला. गावाच्या बैठकीत ही उदाहरणं उपयोगी पडतात.

उतरवायचं काम त्याच आठवड्यात, दिवसा. लावताना प्रत्येक पट्टा, दिवा, तारेचा तुकडा वहीत लिहा आणि काढताना वहीतून एकेक खोडा. शेवटी झाडून बाजूला केलेला पाचोळा परत वाटेवर पसरा, त्याखाली कीटक आणि सॅलमँडरसारखे छोटे उभयचर हिवाळा काढतात.

या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नेमकं वर्षभर आधी, पहिली रात्र बसून या. जाताना सुतळी आणि वही न्या. कुठल्या जागी तुमचे स्वतःचे पाय अडले ते लिहून पाठवा, मग देखाव्यांच्या जागा ठरवायला मी बसतो तुमच्याबरोबर.